सहावा डॉलर

१

रविवारी चर्च सुटल्यावर नोएलाने आणि मी गावच्या हॉलची कोठी उघडली, तर फडताळाच्या वरच्या कप्प्यात डबा नव्हता.

नोएलाने पिठाचे डबे सरकवले, कॉफीची मोठी किटली उचलून पाहिली, गुडघ्यांवर बसून खालच्या कप्प्यात हात घातला. मी जागची हलले नाही. माझ्या वयाला वस्तू हरवण्याची सवय असते. हरवलेली वस्तू आणि नेलेली वस्तू यांतला फरक मला कळतो.

“मिसेस डायर, कुलूप तर शाबूत होतं,” नोएला म्हणाली.

“होतं.”

“मग आता माझं काय होणार?”

नोएला थिबोडो आमच्या हेरिंग नेक गावात शाळेची बस चालवायची. त्या वर्षी ती राज्याच्या विधानसभेला उभी राहत होती. समोर होता हॉलिस कार्व्हर, बोटींचा कारखानदार. त्याचे जाहिरातफलक हिवाळ्यातच लागले होते. नोएलापाशी फलक सोडाच, बसच्या काचा पुसायचं फडकंसुद्धा शाळेचं होतं. पण आमच्या राज्यात एक कायदा आहे. मतदारसंघातल्या पावणेदोनशे मतदारांनी आपल्या खिशातून एक छोटी रक्कम दिली, की उमेदवाराच्या प्रचाराचा खर्च सरकार करतं. अट एकच, श्रीमंतांचा पैसा घ्यायचा नाही. हा कायदा यावा म्हणून माझा नवरा रसेल आणि मी बर्फातून घरोघर सह्या गोळा करत हिंडलो होतो. तेव्हा ती रक्कम ठरली पाच डॉलर. पाचात तेव्हा बटाट्यांचं पोतं यायचं आणि वर पावासाठी सुटे उरायचे.

पुढे गावात कुणी त्या योजनेचं नावसुद्धा घेईना. “तिला पाच दिलेस का?” एवढंच विचारायचे. आणि हीच आमची चूक झाली. महागाई वाढेल तशी ती रक्कम वाढवायची, असं विधानसभेने मध्यंतरी ठरवलं होतं. त्या वर्षी पाचाचे सहा झाले. पेपरात छापूनही आलं होतं. पण मार्चमध्ये नोएला दारात आली तेव्हा अख्ख्या गावाने वर्षानुवर्षांच्या सवयीने पाचाची नोट काढून दिली, आणि मी, तिची खजिनदार, ती तशीच घेतली. मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा राजधानीतून फोन आला, प्रत्येक माणसामागे एक डॉलर कमी आहे.

तो सहावा डॉलर आम्ही शनिवारी संध्याकाळी, हॉलमधल्या बीन्सच्या जेवणात गोळा केला. प्रत्येकाने आपापला डॉलर द्यायचा आणि नव्या कार्डावर सही करायची. मोजले तेव्हा बरोबर पावणेदोनशे झाले, एकही जास्त नाही. पाचाच्या नोटा, एकेक डॉलर आणि कार्डं, सगळं बिस्किटांच्या निळ्या डब्यात घातलं. झाकणावर दीपगृहाचं चित्र होतं. डब्याला चिकटपट्टी लावून तिघांनी तिच्यावर सह्या केल्या. नोएलाने, तिकिटं फाडणाऱ्या थेल्मा ग्रिंडलने, आणि कुणी बोट दाखवू नये म्हणून कार्व्हरच्या बाजूच्या वेंडेल स्टब्सने. पूर्वी मतपेटी ठेवायचो तसाच तो हॉलच्या कोठीत ठेवला. सोमवारी दुपारपर्यंत डबा राजधानीत पोचला नाही, तर नोएलाचा प्रचार सुरू होण्याआधीच संपणार होता.

आणि कोठीच्या कुलपाची एकमेव किल्ली वेंडेल स्टब्सच्या गळ्यात होती. त्या सकाळी तीच त्याच्याकडून मागून आणून आम्ही दार उघडलं होतं.

२

नोएला पोलिसांना बोलवायला निघाली होती. मी तिला बसवलं.

“पोलीस तालुक्याहून येणार, कॉफी पिणार आणि मंगळवारी अहवाल लिहिणार. मला दुपारपर्यंत वेळ दे.”

“तुम्ही काय करणार?”

“आठवणार,” मी म्हणाले. म्हातारपणी एवढं एकच काम बिनचूक जमतं.

मी हॉलच्या बाकावर बसून आदली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणली. एप्रिल म्हणजे आमच्याकडे चिखलाचे दिवस. दाराशी बुटांची ही रांग. ॲल्डन क्रोलीने शुक्रवारीच हॉलमागच्या खड्ड्यात दगड रचून वर लाकडं पेटवली होती. निखारे झाल्यावर बीन्सची लोखंडी भांडी त्यात उतरवून वर माती लोटली होती. रात्रभर जमिनीच्या पोटात शिजलेले ते बीन्स खायला लोक तीन गावांहून येतात. ॲल्डनच्या बापापासूनचं हे काम. बीन्स भिजवणं आणि मसाला त्याची बायको व्हर्ना करते, खड्डा आणि विस्तव ॲल्डन सांभाळतो. व्हर्नाला सर्दी झाल्यामुळे ती आली नाही, असं तो म्हणाला. तरी त्याने तिकिटं नेहमीसारखी दोन घेतली, तिचं ताट झाकून घरी नेलं, आणि येताना तिचा डॉलर आणि सही केलेलं कार्ड घेऊन आला.

डबा बंद झाल्यावर जेवणानंतरच्या गोड ‘पाय’चे, सफरचंदाच्या भाजलेल्या पोळीचे, तुकडे वाटले. माझ्या टेबलाला ॲल्डन, वेंडेल आणि आणखी चारजण होते. मी गप्पांच्या ओघात उत्तरेकडच्या एका मतदारसंघाची गोष्ट सांगितली. तिथे एकाने भावाच्या नावाने खोटी सही केली होती. राज्याच्या माणसांनी नावं पडताळली आणि सगळी उमेदवारीच रद्द केली. उमेदवार बाईचं नाव चोर म्हणून पेपरात आलं. सगळे हसले होते. सगळे हसले, असं तेव्हा मला वाटलं.

मग आवराआवर झाली. वेंडेलने कोठीला कुलूप घातलं ते सगळ्यात शेवटी. म्हणजे डबा गेला तो एकतर वेंडेलच्या हातून, नाहीतर गोड वाटल्यापासून कुलूप लागेपर्यंतच्या वेळात. आणि त्या सगळ्या वेळात पुढच्या दारात थेल्मा उभी होती.

३

थेल्माने दार उघडलं ते बोलतच.

“मला माहीत होतं तू येणार. डबा गेला ना? चर्चच्या पायरीवरच कळलं. आणि संशय माझ्यावर. का? तर मी त्या डॉलरला लूट म्हणाले. अगं, लूटच आहे ती! महागाई वाढली म्हणून सरकारने मला पैसे वाढवून द्यायचे, की माझ्याकडून वाढवून घ्यायचे?”

“सरकार नोएलालाही वाढवून देतं, थेल्मा. टपालाची तिकिटं तिलाही महागच मिळतात.”

“म्हणून तर दिला. पण कुरकुर करायचा हक्क त्या डॉलरात येतो, का त्याचा वेगळा पडतो?”

मला हसू आलं. थेल्मा आणि मी एका वर्गात होतो. तिच्या जिभेला हाड नाही आणि पोटात काही राहत नाही. चोरी केली असती तर तिने ती संध्याकाळपर्यंत स्वतःच सांगून टाकली असती.

“तू दारातून हलली नाहीस ना काल?”

“मी? गेल्या वर्षी माझी काचेची डिश कुणीतरी नेली, त्यानंतर मी कुणावर विश्वास ठेवते का? प्रत्येकाची डिश उलटी करून बुडावरचं नाव वाचलं. पिशवी असेल तर पिशवीत बघितलं. पाद्र्यांच्या बायकोची टोपलीसुद्धा सोडली नाही.”

“निळा डबा?”

“निळा डबा गेला असता तर मी त्याच्यावर बसले असते.” मग ती थांबली. थेल्मा थांबते तेव्हा ऐकण्यासारखं असतं. “एक माणूस मात्र डिश न दाखवता गेला. कोटाच्या आत काहीतरी होतं. इतकं मोठं. मी हाक मारली तर मान खाली घालून सटकला.”

“कोण?”

“ज्याच्या गळ्यात किल्ली आहे तो,” थेल्मा म्हणाली.

४

वेंडेल स्टब्स धक्क्यावर शेवंडांचे सापळे दुरुस्त करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “इमोजीन, घ्यायचा असता तर सगळ्यांच्या देखत सही कशाला केली असती?”

“कोटात काय होतं?”

त्याचे हात थांबले. साठीचा आडदांड माणूस, समुद्रात दोनदा बुडता बुडता वाचलेला. कानापर्यंत लाल झाला.

“बीन्स,” तो म्हणाला.

“काय?”

“बीन्स होते! उरलेले! पातेलंभर. झालं समाधान? थेल्माने विचारलं असतं, कुणाला नेतोस? मग काय सांगू, एकट्याला? चार दिवस तेच गरम करून खाणार, असं? सबंध गावाला कळलं असतं.”

मी त्याच्या शेजारी उलट्या पेटीवर बसले. घरी जाऊन मीही तेच करते, हे त्याला सांगितलं नाही. शनिवारचे बीन्स मी बुधवारपर्यंत पुरवते.

“एरवी नेले नसते,” तो म्हणाला. “पण काल चव वेगळी होती. तळाशी अख्खा कांदा होता. ॲल्डनची आई तसे करायची. म्हातारी गेल्यापासून तसे कुठे खाल्ले नव्हते. पहिला घास घेतला आणि एकदम शाळेत गेल्यासारखं वाटलं.”

मी उठून उभी राहिले. मलाही कालच्या घासात काहीतरी जुनं लागलं होतं. माझी आठवण जिभेपर्यंत आली होती, पण पुढे सरकली नव्हती.

आमच्या गावात कुणाच्या घरचे बीन्स, हे डोळे मिटून सांगता येतं. व्हर्नाचे बीन्स म्हणजे काकवी, मोहरी आणि खारवलेलं मांस. कांदा कधीच नाही. व्हर्नाला कांद्याचा वाससुद्धा सोसत नाही. सर्दी शनिवारची म्हणावी, तर भिजवणं आणि मसाला त्याआधीच उरकलेला असतो. मग कांदा कुणी घातला?

५

मी हॉलच्या मागे गेले. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यातच सगळं होतं.

खड्डा बुजवलेला होता. वरून माती चोपून सपाट केलेली.

लहानपणापासून मी तो खड्डा बघत आले आहे. भांडी काढली की तो तसाच उघडा ठेवतात, वर फळ्या टाकतात. दगड तापलेले असतात. ते दोन दिवसांनी गार झाले की ॲल्डन एकेक उचलून भिंतीपाशी रचून ठेवतो. ते दगड त्याच्या बापाने नदीतून निवडून आणलेले. विस्तवात तडकत नाहीत असे दगड सहज मिळत नाहीत. ॲल्डन कुणाला हात लावू देत नाही त्यांना. भिंतीपाशी दगड नव्हते. म्हणजे ते आतच होते. ॲल्डन क्रोलीने आपले दगड गाडले होते.

आणि पुढच्या दाराने जे गेलं ते सगळं थेल्माने पाहिलं होतं. लोखंडी भांडी तेवढी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने, खड्ड्याच्या बाजूने बाहेर जातात.

ॲल्डनचं घर टेकडीखाली आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे बायकांच्या खिडक्या टोमॅटोच्या रोपांनी भरलेल्या असतात. व्हर्नाच्या तर काचेतून आतलं दिसायचं नाही, इतकी. त्या दिवशी खिडकीची कड रिकामी होती. आत ॲल्डन टेबलाशी बसलेला मला रस्त्यावरूनच दिसला. पुढच्या व्हरांड्यात, गारव्याला, कालचं व्हर्नाचं ताट होतं. झाकलेलं, तसंच.

मी आत जाऊन बसले. त्याने कॉफी ओतली.

“ॲल्डन, दगड का पुरलेस?”

तो म्हणाला, “तुझ्याच लक्षात येणार, हे मला वाटलं होतं.”

“कुठे आहे ती?”

“ॲरिझोनाला. थोरलीकडे. जानेवारीत गेली. नाव तिकडच्या मतदारयादीत घातलंय, तसं पत्र आलं.”

“भांडण झालं?”

“भांडण झालं असतं तर बरं होतं, इमो. ती म्हणाली, ‘ॲल्डन, मला इथला हिवाळा सोसत नाही आणि तुझं गप्प बसणंही सोसत नाही.’ मी यावर काय बोलायचं याचा विचार करत राहिलो. तोवर टॅक्सी आली.”

मी माझा कप बाजूला सरकवला.

“मार्चमध्ये नोएला दारात आली,” तो म्हणाला, “तेव्हा दोघांचे पाच-पाच दिले. दिले म्हणजे काय, हातातून गेले. नेहमी दोघांचेच देतो ना. ‘व्हर्ना झोपलीये, सही करून आणून देतो’ म्हणालो. एकदा तसं म्हटल्यावर मग सहावा डॉलरही तसाच द्यावा लागला. काल इथेच टेबलाशी बसून तिची सही केली. आणि तासाभरात तू ती उत्तरेकडची गोष्ट सांगितलीस.”

“कार्ड काढून घ्यायचंस.”

“पट्टीवर तीन सह्या. फाडली असती तर दिसलं असतं. मला वाटलं, डबाच नाहीसा झाला तर पोरगी हरेल, पण तिला चोर तरी कुणी म्हणणार नाही.” त्याने डोळे वर केले. “थोडं तिच्यासाठी केलं. बरंचसं माझ्यासाठी. व्हर्ना गेली हे सांगावं लागलं नसतं.”

“डब्याचं काय झालं असेल?”

“खड्ड्यात पुरलाय, लोखंडी भांड्यात ठेवून. खाली ओली माती टाकली होती. पण दगड तापलेले होते, इमो. आत काय उरलं असेल, मला माहीत नाही.”

“चल, काढू,” मी म्हणाले. “आणि पट्टी फाडायची तर तिच्यावर सह्या करणारे तिघं समोर पाहिजेत. तुला बोलावं लागेल.”

तो अर्धवट उठला आणि तसाच थांबला.

“थेल्मासमोर?”

“थेल्मासमोर,” मी म्हणाले.

६

भांडं वर आलं तेव्हा अजून कोमट होतं. डब्यावरच्या दीपगृहाच्या रंगाला फोड आले होते आणि पट्टी तपकिरी पडली होती. हॉलच्या टेबलाभोवती नोएला, थेल्मा आणि वेंडेल उभे होते. ॲल्डनने टोपी काढून हातात घेतली. इतका वेळ बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं, आणि एकूण सहा-सात वाक्यंच होती ती. शेवटचं वाक्य होतं, “व्हर्नाला सर्दी नाहीये. ती गेली. परत येणार नाही.”

मी थेल्माकडे बघितलं. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता.

“मग काल दोन तिकिटं का घेतलीस, मूर्खा?” शेवटी ती म्हणाली, इतक्या हळू की मला तिचा आवाज ओळखू येईना.

“सवय,” ॲल्डन म्हणाला.

नोएलाने पट्टी फाडली. नोटांच्या कडा करड्या झाल्या होत्या. सगळ्याला धुराचा आणि काकवीचा वास येत होता, पण अक्षरं वाचता येत होती. तिने स्वतः व्हर्नाचं कार्ड शोधून बाजूला ठेवलं.

“हे मी मागे घेतलं असं लिहून देईन. का, तेही. राजधानीतल्या लोकांना काय वाटायचं ते वाटो.” मग तिचा आवाज खाली गेला. “पण आता एक कमी पडतोय, मिसेस डायर. माझ्या यादीतलं एकही दार मी सोडलेलं नाही.”

ॲल्डन टोपीच्या कडा चुरगळत होता.

“माझ्या दारात नाही आलीस,” वेंडेल म्हणाला.

“तुम्ही कार्व्हरचे!”

“कार्व्हरचाच. मतही त्यालाच देणार. पण पैसे देणाऱ्याने मतही दिलंच पाहिजे, असं कायद्यात आहे का, इमोजीन?”

“नाही.”

“मग एका म्हाताऱ्याच्या गप्प बसण्यापायी पोरगी पडायला नको. आण ते कार्ड.” त्याने सही केली, पाकीट काढलं आणि ऐटीत टेबलावर पाचाची नोट ठेवली.

आम्ही सगळे त्या नोटेकडे बघत राहिलो.

“सहा, वेंडेल,” मी म्हणाले.

त्याने पाकीट उलटं केलं. रिकामं होतं. थेल्माने लगेच पर्स उघडली. “घे, माझ्याकडून...”

“हात मागे घे!” मी ओरडले. “त्याच्या स्वतःच्या खिशातला पाहिजे. तेवढ्यासाठीच तर हे सगळं झालं.”

वेंडेल शिव्या घालत बाहेर आपल्या ट्रककडे गेला. काचेतून आम्हाला त्याची पाठ तेवढी दिसत होती, सीटखाली खुपसलेली. आला तेव्हा मुठीत नाणी होती, खारवलेल्या आमिषाच्या वासाची, एका नाण्याला च्युइंगगम चिकटलेलं. मी दोनदा मोजली. डॉलर भरला.

“लूट आहे ही,” वेंडेल म्हणाला.

“मी तेच सांगत होते,” थेल्मा म्हणाली.

७

सोमवारी नोएलाने डबा स्वतः नेऊन दिला. कचेरीच्या खिडकीतल्या माणसाने नोटा हुंगल्या आणि विचारलं, हे नक्की काय आहे. तिने सगळं सांगितलं. त्याने वर कुणाला तरी फोन केला, तिला दुपारभर बाकावर बसवून ठेवलं, आणि शेवटी शिक्का मारला. नोव्हेंबरमध्ये ती थोडक्यात हरली. पण गावोगाव तिचे फलक लागले होते, कार्व्हरइतकेच मोठे, आणि दोन वर्षांनी ती पुन्हा उभी राहिली. तेव्हा लोकांनी न सांगता सहा काढून दिले.

थेल्माने व्हर्नाची गोष्ट कुणालाही सांगितली नाही. तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल हे केवढं होतं. ॲल्डनने स्वतः हळूहळू सांगितली, एकेकाला, बहुतेक धक्क्यावर, समुद्राकडे बघत.

पुढच्या एप्रिलमध्ये बीन्सच्या जेवणाचं तिकीटही वाढलं. मी रांगेत ॲल्डनच्या मागे उभी होते. त्याचे दगड बाहेर भिंतीपाशी नीट रचलेले मी येताना पाहिले होते. थेल्माने त्याला पाहिलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने पुडक्यातून दोन तिकिटं ओढली.

“एकच,” ॲल्डन म्हणाला.

तिचा हात थांबला. मागे रांग होती, बुटांचा चिखल होता, आतून कांद्याचा वास येत होता. रसेल गेल्यानंतर पहिल्यांदा हाच शब्द याच टेबलाशी मी म्हणाले होते, तेव्हाही तिचा हात असाच थांबला होता.

“मलाही एकच दे, थेल्मा,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ती दोन तिकिटं मधली रेघ न फाडता आमच्यासमोर ठेवली. पैसे मात्र दोघांकडून वेगवेगळे घेतले.